भाताचं पान, भादव्याचं आभाळ



बियाण्याची खरेदी सुरू झाली, की एक वाक्य दरवर्षी फिरायला लागतं. “या वाणाचं पान जास्त प्रकाशसंश्लेषण करतं, म्हणून उतारा जास्त.” यंदा मी ते तीन ठिकाणी ऐकलं. एका कंपनीच्या मेळाव्यात, एका दुकानात टॉनिकच्या बाटलीसोबत, आणि बोईसरकडच्या एका ग्रुपवर आलेल्या चकचकीत फोटोखाली. कुणाचं नाव घेणार नाही, कारण माणसांशी भांडण नाही. भांडण त्या वाक्याशी आहे. त्या वाक्यावर आपण पिशवीमागे पैसे मोजतो, आणि लोंब्या पोचट निघाल्या की दोष आपल्या मशागतीला लागतो.

मी दहावी पास माणूस आहे. पण पुतणी दापोलीहून बी.एस्सी. ॲग्री करून आली आहे. इंग्रजी कागद ती वाचते, मी तिला खाचरातले प्रश्न विचारतो. तिच्याबरोबर बसून जे समजलं ते लिहितो. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले लोकही इथे वाचतात, त्यांनी चुकलं तर सांगावं.

आधी वाणाने काय बदललं ते बघू. 1966 साली फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने आयआर-8 बाहेर काढला. इंडोनेशियाचा उंच पेटा आणि तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन यांचा तो संकर. आपल्याकडे 1968 ला जया आला, मागून 1970 ला रत्ना. (तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 चं. म्हणजे आमच्या भागात वीज आणि बुटका भात ही एकाच पिढीची गोष्ट आहे.) पुढे कर्जतच्या केंद्राने कोकणासाठी हळवे, निमगरवे, गरवे असे सगळ्या मुदतींचे वाण दिले आणि आज आपली बरीच खाचरं कर्जतच्या नावावर आहेत.

या बुटक्या वाणांनी पीक वाढवलं, हे मी नाकारत नाही. नाकारणारा माणूस आमच्या वडिलांच्या पिढीला भेटलेला नाही. प्रश्न एवढाच, की वाढ आली कुठून. जुन्या उंच भाताचं रोप वाळवून शंभर किलो वजन धरलं, तर त्यात दाणा असायचा तीसेक किलो, बाकी पेंढा. बुटक्यात तो गेला पन्नासच्या आसपास. म्हणजे कारखाना तोच, माल तेवढाच, फक्त गाडी पेंढ्याकडे न जाता दाण्याकडे वळवली. शिवाय रोप बुटकं आणि ताठ, त्यामुळे युरिया टाकला तरी आडवं पडत नाही. उंच भाताला तोच युरिया दिला असता तर ते दाणा भरायच्या आतच लोळलं असतं, आणि लोळलेल्या भाताची पानं एकमेकांखाली गाडली जातात, ऊन खाणार कोण?

दुसरा बदल पानाच्या ठेवणीचा. जुन्या भाताची पानं लांब आणि लोंबती, वरच्याची सावली खालच्यावर. नव्याची पानं उभी. भाताचं एक पान भर दुपारच्या उन्हापैकी साधारण निम्म्यातच भरून पावतं, पुढचं ऊन त्याच्या कामाचं नसतं. पान उभं असलं की ते जास्तीचं ऊन खालच्या पानांपर्यंत उतरतं. चांगली युक्ती आहे. पण यातही एका पानाची ताकद वाढवलेली नाही, पानांची मांडणी सुधारली आहे. पंगतीत वाढप्याने ताटं नीट लावली म्हणून स्वयंपाक जास्त होत नाही.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही भातवाले, पण आमच्या सोयाबीनमध्ये तसं नसेल. पालघरात सोयाबीन होत नाही, पण लातूर-वाशिमकडचे मित्र हे पान वाचतात आणि त्यांनाही हेच वाक्य ऐकवलं जातं, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1923 पासून 2007 पर्यंत निघालेले सोयाबीनचे 24 वाण एकाच शेतात शेजारी शेजारी लावून बघितले. पणजोबापासून पणतूपर्यंत सगळे एका रांगेत. नव्या वाणांनी ऊन जास्त अडवलं, ते कमी पडले, शेंगेत जास्त वाटा गेला, आणि अडवलेल्या उन्हाचं वजनात रूपांतरही नव्यात चांगलं झालं. मग पानाला यंत्र लावून बघितलं, तर पानाची कमाल ताकद मात्र 80 वर्षांत ठरावीक दिशेने हललेली नव्हती. 2016 साली ते छापून आलं. नव्या वाणांची दिवसभराची कमाई काही वेळा जास्त निघाली, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा जमिनीत ओल भरपूर होती आणि पानाची रंध्रं उघडी होती. जेएस 335 लावा नाहीतर फुले संगम, ऑगस्टमध्ये वीस दिवस पावसाने ताण दिला तर रंध्रं मिटणार, आणि मिटलेल्या रंध्राचं पान नवं काय आणि जुनं काय. तिथे वाणापेक्षा ओल बोलते. पण ओल पिशवीतून विकता येत नाही, म्हणून पानाची जाहिरात.

इलिनॉयचाच आणखी एक प्रयोग मला फार आवडला. सोयाबीनची नवीन येणारी पानं, तीनातलं एक या हिशोबाने, खुडून टाकली. पीक कमी व्हायला हवं ना? ते 8 टक्क्यांनी वाढलं. कारण झाड गरजेपेक्षा जास्त पानं करत होतं, खालची सावलीत बसून खात होती. हे वाचल्यापासून “फवारणीनंतर कसं हिरवंगार झालं बघा” असे फोटो आले, की मला ती खुडलेली पानं आठवतात. हिरवं दिसणं वेगळं, दाणा भरणं वेगळं.

आणि टॉनिकचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. भात बुटका कशामुळे? ज्या जनुकामुळे तो बुटका झाला, त्यामुळे रोपात जिबरेलिन नावाचा वाढीचा रस कमी तयार होतो. म्हणजे शास्त्रज्ञांनी एवढ्या खटपटीने जो रस कमी केला, तोच जिबरेलिक ॲसिड म्हणून बाटलीत भरून काही द्रावणांतून आपल्याला विकला जातो, वाढ चांगली दिसावी म्हणून! एका हाताने बुटकं बियाणं घ्यायचं, दुसऱ्या हाताने उंची विकत घ्यायची. दुकानदाराने विचारलं पाहिजे तसं नाही, आपण विचारलं पाहिजे.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो. ते म्हणजे आभाळ.

भाताच्या दाण्यात जी साखर जाते, तिचा मोठा भाग निसवल्यानंतर पानांनी केलेला असतो, बाकीचा खोडात आधी साठवलेला. त्यामुळे पोटरी धरल्यापासून दाणा पक्का होईपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत ऊन किती मिळालं, यावर उतारा ठरतो. उन्हाळी भात पावसाळीपेक्षा जास्त का उतरतो, याचं मोठं कारण हेच. वाण तोच, खत तेच, पण डोक्यावर ढग नाहीत.

मग पालघरचा हिशोब मांडा. 10 जूनला राबात पेरलं असं धरा. हळवा वाण पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांत निसवतो, म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. निमगरवा सप्टेंबरच्या मध्याला. गरवा सप्टेंबर संपता संपता किंवा ऑक्टोबर लागताना. ऑगस्टअखेर आमच्याकडे आभाळ कसं असतं हे सातपाटीच्या कोळ्याला विचारा, वाड्याच्या शेतकऱ्याला विचारा, एकच उत्तर मिळेल. कित्येक दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. ऑक्टोबरचं ऊन मात्र पाठ भाजून काढतं. म्हणजे हळव्याचा दाणा ढगाखाली भरतो, गरव्याचा उन्हात.

जुन्या गरव्या भातांना हे बरोबर कळायचं. त्यातले बरेच दिवसाच्या लांबीवर चालायचे. दिवस लहान व्हायला लागला, की फुलायचे. पेरणी आठ दिवस पुढेमागे झाली तरी निसवण्याची वेळ फारशी हलायची नाही, आणि ती वेळ पाऊस सरल्यावरची असायची. पैदासकारांनी आयआर-8 पासून हा गुण मुद्दाम काढला. वाण कुठेही, कधीही लावता यावा, ठरलेल्या दिवसांत कापणीला यावा, म्हणून. पंजाबात, आंध्रात त्याचा फायदाच झाला. आमच्या पावसात त्याचा अर्थ असा झाला, की भाताने आभाळ बघून फुलायचं सोडलं आणि दिवस मोजून फुलायला लागला. वाणाने प्रकाशसंश्लेषणावर परिणाम केला तो हा. पानात नाही, पंचांगात.

मी हळव्याच्या विरोधात आहे असं कुणी काढू नका. माळाच्या मुरमाड खाचरात सप्टेंबरनंतर पाणी राहत नाही, तिथे गरवा लावणं म्हणजे पेंढा पिकवणं. भाताच्या मागे ओलीवर वाल, हरभरा घ्यायचा तर खाचर लवकर मोकळं हवं. आणि गरवा सुखात असतो असंही नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा या वादळांच्या वेळच्या पावसात कापलेला आणि उभा भात कसा कुजला, ते कोकण विसरलेलं नाही. पण ही निवड आहे, देवाणघेवाण आहे. ती आम्हाला तशी सांगा. “जास्त प्रकाशसंश्लेषण” या शब्दाखाली झाकू नका.

उभ्या पानाचंही तेच. उभ्या पानाचा मोठा फायदा कडक उन्हात. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या बाजूंनी मंद येतो, तिथे उभं आणि लोंबतं यातला फरक कमी होतो. उलट उभ्या पानांमधून उजेड खाली तणालाही मिळतो. जुना उंच भात तण स्वतःच दाबायचा. आज बेणणीला माणूस कुठे आहे? आमच्या गावातली निम्मी पोरं सकाळच्या पाळीला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जातात, आणि जावंच, महिन्याचा पगार खाचरातून निघत नाही. पण त्यामुळे लावणीही लांबते. एकवीस-पंचवीस दिवसांचं रोप लावा म्हणतात, प्रत्यक्षात चाळिशीचं रोप लागतं. त्याला फुटवे कमी, आणि दिवस मोजणारा वाण असल्याने त्याचं घड्याळ राबातच निम्मं फिरून गेलेलं. विद्यापीठाच्या खाचरात लावणी वेळेवर होते, हेक्टरी 100:50:50 खत पडतं. त्या खाचराचा उतारा आमच्या खाचरावर छापू नका.

कमी उजेडाचं हे दुखणं शास्त्रज्ञांना माहीत नाही, असं नाही. कटकच्या भात संस्थेत त्यावर पूर्वीपासून काम आहे. तिथे केरळातल्या पट्टांबीचा स्वर्णप्रभा हा वाण कमी उजेड सोसणारा म्हणून तुलनेला धरतात. म्हणजे ढगाखाली दाणा भरण्यात वाणावाणांत फरक असतो, तो मोजता येतो, आणि निवडताही येतो. मग आमच्यासारख्या पावसाच्या पट्ट्यात वाण देताना ही गोष्ट पहिल्या ओळीत का येत नाही?

कोकणात उजेडाचा खरा विचार मला दिसला तो वाणात नाही, लावणीत. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री. 15 आणि 25 सेंटिमीटर आलटून पालटून अंतर, चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल, गिरिपुष्पाचा पाला, पेंढा किंवा तुसाची राख. लोक त्याला खताची पद्धत समजतात. मी तिला उजेडाचीही समजतो. मोकळ्या पट्ट्यातून उजेड खाली उतरतो. आणि गोळी खोल असल्याने नत्र वाहून जात नाही, पान निसवल्यानंतरही हिरवं राहतं. पानातल्या नत्राचा मोठा वाटा अन्न करणाऱ्या यंत्रणेतच असतो, नत्र संपलं की यंत्रणा मोडून दाण्यात जाते. वरून फेकलेला युरिया आमच्या पावसात पहिल्याच मुसळधार दिवशी ओढ्याला लागतो, मग सप्टेंबरात पिवळं पडलेलं पान काय प्रकाशसंश्लेषण करणार? बियाण्याच्या पिशवीतल्या फरकापेक्षा या गोळीतला फरक मोठा असू शकतो. पण गोळीचा मेळावा भरत नाही, जेवण नसतं, टोपी मिळत नाही.

पेंढ्याबद्दलही बोललं पाहिजे. दाण्याकडे जे वळवलं, ते पेंढ्यातून काढलं. ज्याच्या दारात जनावर आहे, किंवा जो तबेल्यांना पेंढा देतो, त्याच्यासाठी पेंढा हे उत्पन्न आहे. उंच वाढणाऱ्या वाडा कोलमला, आपल्या झिनीला, “कमी उताऱ्याचा वाण” म्हणून बाजूला काढताना पेंढा कुणी तोलला का? आणि भाव? 2021 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते पानाच्या वेगासाठी नाही मिळालं, तांदळासाठी मिळालं. पण देशी वाणाच्या भक्तांनाही सांगतो, तुम्हीही पानाचे चमत्कार सांगू नका. गव्हाच्या रानटी जातींचं पान नव्या गव्हापेक्षा जोरात काम करतं, हे ऑस्ट्रेलियात 1970 सालीच दिसलं होतं. पण ते पान लहान, दाणा बारीक. नुसत्या वेगाने कोठार भरत नाही, हे त्यातून निघतं, दुसरं काही नाही.

खरोखर पानाला हात लावण्याचं काम जगात चालू आहे, नाही असं नाही. इलिनॉयमध्येच सोयाबीनच्या पानात तीन जनुकं बसवली, ऊन-सावली बदलताना पान जो वेळ वाया घालवतं तो वाचावा म्हणून. 2022 ला ‘सायन्स’मध्ये आलं, सगळ्यात चांगल्या ओळीत 33 टक्क्यांपर्यंत वाढ. सगळीकडे तेवढाच आकडा फिरला. त्याच कामातल्या दुसऱ्या वर्षीच्या चाचणीत पीक आडवं पडलं आणि ठोस वाढ दिसली नाही, ते फिरलं नाही. भाताला मक्यासारखं, आपल्या जव्हार-मोखाड्याच्या नाचणीसारखं पान देण्याचा प्रकल्पही पंधरा वर्षांहून जास्त चालू आहे, खाचरात अजून काही आलेलं नाही. आणि मे 2025 मध्ये आपल्या सरकारने जाहीर केलेला जनुक-संपादित भात, हैदराबादचा ‘कमला’? त्यातला बदल लोंबीत दाणे वाढवणारा आहे. पान तिथेही तेच. दाणे वाढले तर भरायला साखर जास्त लागणार, आणि साखरेला ऊन. तेव्हा ‘कमला’ पालघरात आला की माझा पहिला प्रश्न हाच असेल, की तो निसवतो कधी.

मग आम्हाला काय हवं, तेही स्पष्ट सांगतो. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता असते. वाणाच्या माहितीपत्रकात त्याच्या जोडीला चार ओळी वाढवा. कोकणात 10 जूनला पेरला तर निसवेल कधी. ढगाळ वर्षी आणि उघड्या वर्षी पोचट दाणे किती. निम्म्या नत्रावर उतारा किती. चाळीस दिवसांचं रोप लावलं तर काय. आणि पेंढा किती, तोही तोलून. अशा चाचण्या आमच्या खाचरात घ्यायच्या तर खाचर आम्ही देतो. ज्या कंपनीला “जास्त प्रकाशसंश्लेषण” छापायचं आहे, तिने कोणत्या यंत्राने, कुठे, कोणत्या महिन्यात मोजलं, ते त्याच पिशवीवर छापावं.

आपल्या बाजूचं कामही आहे. यंदा प्रत्येकाने आपल्या खाचरात निम्मी रोपं निसवली त्या दिवसाची तारीख भिंतीवर लिहा. तिथून तीस दिवस, रोज संध्याकाळी एकच खूण: ऊन, अर्धं, ढग. कापणीच्या आदल्या दिवशी खाचराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दहा लोंब्या घ्या, बांधाकडेच्या नकोत, त्या नेहमी चांगल्या दिसतात. दाणे काढून मिठाच्या पाण्यात नको, साध्या पाण्यात टाका, तरंगणारे आणि बुडणारे वेगळे मोजा. वाणाचं नाव, पेरणी, लावणी, खत, एवढं सोबत लिहून मला पाठवा. पालघर, वाडा, डहाणू, विक्रमगड, तलासरी, कुठूनही. दिवाळीनंतर पुतणी आणि मी बसून सगळ्यांच्या नोंदी एका कागदावर लावू, आणि तो कागद घेऊन पुढच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसू.